सिंक तुंबलंय, मशीनचं पाणी ड्राय बाल्कनीत वर येतंय: कुठून सुरुवात करू?

डबा_राजारामपुरी:
फ्लॅट पहिल्या मजल्यावर, खाली पार्किंग. स्टीलचं एकच सिंक, त्याखाली वळ्यावळ्यांचा लवचिक वेस्ट पाइप, तो फरशीतल्या पाइपात नुसता खुपसलेला. दहा दिवस पाणी हळू जात होतं, परवापासून जवळजवळ थांबलंच. वॉशिंग मशीन पाणी सोडायला लागलं की ड्राय बाल्कनीतल्या नाणी ट्रॅपमधून (फरशीतल्या जाळीच्या मोरीतून) फेस वर येतो आणि सिंकखाली फरशीही ओली होते. बाथरूम, संडास व्यवस्थित. घरून रोज 25 डबे जातात. बुधवार, शुक्रवार, रविवार मटण. म्हणजे तेलकट भांडी भरपूर. काल रात्री पाइप साफ करायच्या पावडरीच्या दोन पुड्या टाकल्या, काही फरक नाही. आता रबरी पंप मारू की ॲसिड टाकू? प्लंबर म्हणतोय फरशी फोडावी लागेल.

पान्हा_नंबर_बारा:
ताई, ॲसिड अजिबात नको, आणि पंपसुद्धा आज नको. त्या पुडीत कॉस्टिक सोडा असतो, काही पुड्यांत सोबत ॲल्युमिनियमचे बारीक कण. पाणी लागलं की ते तापतं, ॲल्युमिनियम असेल तर हायड्रोजन वायूही सुटतो. त्यावर ॲसिड पडलं तर पाइपातच उकळी फुटून पाणी उलटं तोंडावर उडतं. पंप मारला तरी तेच पाणी डोळ्यात. कॉस्टिक डोळ्यात गेलं तर 15-20 मिनिटं सलग वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा आणि तडक दवाखाना. आधी हे-ते औषध शोधत बसायचं नाही.

पुडी का चालली नाही? ती थेट तुंबलेल्या जागेला भिडली तर काम करते. तुमच्या पाइपात आधीच पाणी उभं आहे, त्यात ती पातळ झाली किंवा खाली बसली. खाली बसून थिजली तर दगडासारखा खडा होतो. आणि कॉस्टिक चरबीला भिडलं की साबण तयार होतो. हा साबण वाहून न्यायला मागून भरपूर पाणी लागतं. पाणी नसेल तर चरबीच्या जागी साबणाचा गोळा बसतो, आणि तो जास्त चिवट.

आधी ते पाणी बाहेर काढा. रबरी हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी. सिंकमधलं पाणी प्लास्टिकच्या मगाने उपसा. ॲल्युमिनियमचं भांडं घेऊ नका, सोडा त्याला खातो. बादली निम्मी साध्या पाण्याने भरून ठेवा आणि हे पाणी त्यात ओता, मग संडासात टाकून दोनदा फ्लश करा, ती लाइन मोकळी आहेच. फरशीतल्या पाइपातलं पाणी काढायला पोरांची रंगपंचमीची प्लास्टिकची पिचकारी घ्या, पुढं हातभर रबरी नळी बसवा आणि ओढून घ्या. हसू नका, याच्याइतकं सोपं हत्यार घरात दुसरं नाही. नंतर चार-पाच लिटर साधं पाणी ओतून पुन्हा ओढा, असं दोनदा.

मोरी_ते_चेंबर:
वरचं सगळं बरोबर. आता तुंबलंय कुठं ते ठरवू, कारण निम्मी मेहनत चुकीच्या जागी जाते. दोन गोष्टी सांगा:

1. वरच्या मजल्यावरच्यांनी मोरीचं पाणी सोडलं की तुमच्याकडं वर येतं का?
2. पार्किंगच्या छताला तुमचा आडवा पाइप लटकलेला दिसतो का?

तोवर एक करून बघा. लवचिक पाइप फरशीतून उपसून बादलीत सोडा आणि सिंकचा नळ उघडा. बादलीत पाणी धडधडा पडलं तर सिंक, जाळी, कपलिंग सगळं मोकळं. तिथंही हळूच पडलं तर तो लवचिक पाइप बदला, साफ करत बसू नका. त्याच्या प्रत्येक वळीत चरबी बसते आणि ब्रश आत पोचत नाही.

डबा_राजारामपुरी:
पिचकारीने पाणी काढलं, जमलं. बादलीत पाणी जोरात पडतंय. वरच्यांनी पाणी सोडलं तरी आमच्याकडं काही होत नाही, फक्त आमचं मशीन आणि आमचं सिंक. पार्किंगमध्ये पाइप दिसतो: सिंकखालून एक बारका येतो, बाल्कनीकडून एक जाड येतो, दोन्ही एकत्र होऊन साधारण दहा फूट आडवे जातात आणि मग उभ्या पाइपाला मिळतात. उभ्या पाइपाजवळच्या वळणावर स्क्रूचं झाकण आहे.

मोरी_ते_चेंबर:
मग उत्तर मिळालं. वरच्यांचं पाणी तुमच्याकडं उलटं येत नाही, म्हणजे उभा पाइप मोकळा. मशीनचं पाणी सिंकखाली येतं, म्हणजे दोन फांद्या जिथं मिळतात त्याच्या पुढं अडकलंय. तो जोड आणि उभा पाइप, या दोघांमधला दहा फुटांचा तुकडा, बास. आणि तो पाइप स्लॅबच्या खाली उघडा लटकतोय, तर वरची फरशी कशाला फोडायची?

किती पुढं अडकलंय त्याचाही अंदाज काढता येतो. रात्रभर पाणी वापरू नका, लाइन झिरपून रिकामी होऊ दे. सकाळी मोजून लिटर-लिटर ओता. 75 मिमीच्या पाइपात मीटरला साधारण पावणेचार लिटर मावतं, 50 मिमीच्या पाइपात पावणेदोनच्या आसपास. किती लिटरला पाणी तोंडाशी आलं त्यावरून अंतर निघतं.

पान्हा_नंबर_बारा:
भावा, लिटरचा हिशेब एकाच सरळ लाइनला ठीक. इथं बाल्कनीची फांदीही मागं भरत जाणार, ती सहा-सात फूट असली तरी सात-आठ लिटर तिनंच खाल्लं. आणि गच्च तुंबलेली लाइन रात्रभरात रिकामी होतेच असं नाही.

पाइप उघडा आहे तर हातानेच बघायचं. शिडीवर चढून लाकडी दांडक्याने हलके ठोकत जा. भरलेला भाग बद्द वाजतो, रिकामा पोकळ वाजतो. जिथं आवाज बदलतो तिथं खडूने खूण करा. खात्री करायची तर वरून कोमट पाण्याची एक बादली सोडायला सांगा आणि पाइपावर हात ठेवा. ऊब जिथं थांबते तिथंच गोळा.

मोरी_ते_चेंबर:
मान्य. ठोकून बघणं इथं जास्त खरं.

आता काढायचं कसं. पंपाने हे होणार नाही, का ते सांगतो, कारण पुढं कुणीतरी विचारणारच. पंप दाबाने चालतो. तुमचा लवचिक पाइप फरशीत नुसता खुपसलेला आहे, सील नाही. सिंकमधून पंप मारला की दाब तिथूनच बाहेर आणि घाण पाणी कपाटात. शिवाय बाल्कनीची नाणी उघडी, तिथून कारंजं. ज्यांच्याकडं पक्का जोड आहे त्यांनी मारावा, पण आधी दुसरी तोंडं बंद करा: ओल्या फडक्याचा बोळा प्लास्टिकच्या पिशवीत घालून नाणीत दाबा, वर कुणाला तरी पाय देऊन उभं करा. सिंकला ओव्हरफ्लोचं भोक असेल तर तेही ओल्या फडक्याने झाका. पंपाची रबरी वाटी बुडून वर दोन-तीन इंच पाणी हवं, कडेला व्हॅसलीन लावा, 15-20 झटके. काम दाबण्यापेक्षा ओढण्याने होतं, म्हणून वर घेताना जोर लावा.

तुम्हाला स्प्रिंग लागणार, म्हणजे पाइपात घालून फिरवायची तारेची लांब वेटोळी. हार्डवेअरच्या दुकानात हँडलवाली मिळते. 5 मीटर लांब पुरे, पण 9-10 मिमी जाडीची घ्या. 6 मिमीची बारीक स्प्रिंग वॉश बेसिनला ठीक. 75 च्या पाइपातल्या चरबीत ती फक्त सुईएवढं भोक पाडते. दोन दिवस पाणी जातं, सगळे खूश, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

सिंकच्या जाळीतून घालू नका, लवचिक पाइप काढून थेट फरशीतल्या पाइपात घाला. एका वेळी हातभरच सोडा, तिथं हँडलचा स्क्रू आवळा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. उलटी फिरवली तर वेटोळं उकलतं, पुढचं टोक सुटून आतच राहिलं की मग खरोखर पाइप कापावा लागतो. अडलं की जोर नाही, फिरवणं. एल्बोला, म्हणजे पाइपाच्या वळणाला, लागली तर कडक वाटते आणि फिरवताच पुढं सरकते. चरबीत शिरली तर चिखलात काठी घालावी तशी मऊ जाते आणि बाहेर येताना राखाडी-पांढरा लगदा घेऊन येते. फडकं, पायमोजा किंवा भांड्याची तारेची घासणी असेल तर स्प्रिंग अडकून हातात पीळ भरल्यासारखा वाटतो. तेव्हा पुढं ढकलू नका, तसाच पीळ ठेवून ओढून घ्या. प्रत्येक वेळी बाहेर आली की वर्तमानपत्रावर पुसा आणि पुसलेलं कचऱ्यात टाका, पुन्हा सिंकमध्ये धुऊ नका.

पान्हा_नंबर_बारा:
एक इशारा. पार्किंगमधलं ते स्क्रूचं झाकण उघडून खालून स्प्रिंग घालायचा मोह होईल. उघडलं तर कोरडं दिसेल, कारण गोळा मागं आहे. पण गोळा फुटला की मागची दहा-पंधरा लिटर घाण, कॉस्टिकचा अंश असलेली, एकदम शिडीवरच्या माणसाच्या अंगावर. म्हणून वरूनच मारा, झाकण बंद ठेवून. गोळा उभ्या पाइपात पडला तर पडू दे, तो जास्त रुंद असतो.

आणि उकळतं पाणी ओतू नका. पीव्हीसी 75-80 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आधीच लटकलेला पाइप आणखी वाकतो. 60 अंश पुरतात, कारण मटणाची चरबी 45-50 अंशांना वितळते. थर्मामीटर नको: निम्मं उकळतं, निम्मं नळाचं. स्प्रिंगचं काम झालं की अशा दोन बादल्या, प्रत्येकीत भांड्याच्या लिक्विडचे दोन मोठे चमचे, एकामागून एक भसकन ओता. थोडं-थोडं ओतलं तर वितळलेली चरबी चार फूट पुढं जाऊन तिथं पुन्हा थिजते. हिवाळ्यात तर हमखास.

शाहूपुरी_तळमजला:
मधेच विचारतो, माफ करा. तळमजल्याला राहतो, नाल्यापासून जवळ. जोराच्या पावसात बाथरूमच्या जाळीतून पाणी वर येतं, एरवी काही त्रास नाही. यालाही स्प्रिंग?

मोरी_ते_चेंबर:
नाही. पाऊस थांबला की आपोआप उतरत असेल तर तुमची लाइन तुंबलेली नाही, बाहेरचं पाणी मागं ढकललं जातंय. आधी गच्चीचं किंवा अंगणाचं पावसाचं पाणी तुमच्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये जोडलंय का ते बघा, जुन्या बांधकामात सर्रास असतं. ते वेगळं काढलं की निम्मा प्रश्न संपतो. ते नसेल तर घराच्या शेवटच्या चेंबरच्या आत, बाहेर जाणाऱ्या पाइपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे पाणी बाहेर जातं पण उलटं येत नाही. झडप असलेला, वरून झाकण उघडून साफ करता येईल असा. दर मे महिन्यात झडप उघडून रबर पुसायचं, एक काडी अडकली तरी ती मिटत नाही. आणि हे लक्षात ठेवा की झडप मिटलेली असताना तुमचं पाणीही बाहेर जाणार नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 च्या धोका पातळीकडं निघाली की त्या दिवसांत मशीन लावू नका, अंघोळीचं पाणी बेताने वापरा.

पान्हा_नंबर_बारा:
आणि चेंबर उघडताना: झाकण पहारीने उचला, बोटं खाली घालू नका, उघडून 15 मिनिटं सोडून द्या, जवळ काडी पेटवायची नाही. खोल चेंबरमध्ये माणूस उतरवू नका, कुणी पैसे घेऊन तयार असला तरी. त्यातला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही, आणि 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाकरवी असं काम करून घेणं गुन्हा आहे. चेंबरच्या पुढं तुंबलं असेल तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयात तक्रार द्या, जेटिंगची (पाण्याच्या जोराने पाइप साफ करणारी) गाडी मागवा.

डबा_राजारामपुरी:
आज सकाळी केलं. ठोकून बघितलं तर जोडापासून साधारण चार फुटांवर आवाज बदलला. स्प्रिंग तिथंच मऊ लागली. पहिल्यांदा नुसतं पांढरट, मेणासारखं. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यात कपड्यांचा तंतू आणि खोबऱ्याचा चोथा गुंडाळलेला निघाला. दोन बादल्या गरम पाणी गेलं, मशीनही लावून बघितलं, काही वर आलं नाही. पण खालून नीट बघितलं तर जिथं तुंबलं होतं तिथंच पाइपाला झोळ आहे. दोन क्लॅम्पमध्ये पाच-सहा फुटांचं अंतर आणि मधोमध पाइप दीड-दोन इंच खाली आलाय. तो तसाच ठेवला तर?

मोरी_ते_चेंबर:
तर दोन-तीन महिन्यांत पुन्हा इथंच भेटू. झोळात पाणी कायम उभं राहतं. सिंकमधून चरबी येते, ती उभ्या पाण्यावर थिजते. मशीनमधून तंतू येतो, तो तिला दोऱ्यासारखा बांधतो. चोथा, तिळाचं-खसखशीचं वाटण, भांड्याच्या बारमधली पांढरी माती तळाशी बसते. पांढऱ्या रश्श्याचं पातेलं एकटंच बरंच काही देतं. राखेने भांडी घासत असाल तर ती बंद करा, झोळात तिचा थर सिमेंटसारखा बसतो.

75 मिमीच्या आडव्या पाइपाला क्लॅम्प व्यासाच्या दहापट अंतरावर, म्हणजे दर अडीच फुटाला. तुमच्या दहा फुटांत चार तरी हवेत. उतार 40 ला 1, म्हणजे मीटरला 25 मिमी. दहा फुटांना साधारण 75 मिमी, पाइपाच्या एका जाडीएवढा. हा हिशेब मिस्त्रीला तोंडपाठ सांगा आणि लेव्हलची पाणी भरलेली नळी लावून दोन्ही टोकं मोजून घ्या, डोळ्याने नको. जास्त उतार दिला तर आणखी चांगलं असं काहीजण सांगतील. उगाच जास्त दिला तर पाणी पुढं पळतं आणि जड गाळ मागं राहतो.

पाइप नुसता वर उचलून क्लॅम्प मारून चालेल का ते वाक किती जुना आहे त्यावर. हाताने उचलला आणि सरळ राहिला तर ठीक. सोडल्यावर पुन्हा केळीसारखा झाला तर तेवढा तुकडा बदला. बदलतच असाल तर दोन कामं उरकून घ्या: दोन फांद्या मिळतात तिथं सरळ टी (काटकोनातला जोड) असेल तर ती काढून तिरकी वाय (Y आकाराचा जोड) लावा, आणि त्या जागी झाकणाचा क्लीनिंग प्लग ठेवा. पुढच्या वेळी फरशीतला पाइप उपसायला नको.

पान्हा_नंबर_बारा:
25 डबे म्हणजे खानावळच झाली, ताई. सिंकखाली ग्रीस ट्रॅप, म्हणजे चरबी अडवणारी पेटी, बसवाच. नळ मिनिटाला 8-10 लिटर सोडतो आणि चरबी वर तरंगायला किमान तीन मिनिटं पाणी शांत हवं, म्हणून 30 लिटरच्या आतला घेऊ नका. आत साधारण 45 बाय 30 सेंटिमीटर तळ आणि 22 सेंटिमीटर पाणी, एवढी जागा कपाटात निघते. मशीनचं पाणी त्यात सोडू नका, जोराने येऊन सगळं ढवळतं. आणि भांडी धुताना कढत पाणीही त्यात नको. चरबी वितळलेलीच पुढं निघून जाते आणि ट्रॅप नुसता शोभेला. वरचा थर पाण्याच्या खोलीच्या पाव भागाएवढा झाला की जुन्या डावाने काढायचा. तुमच्या कामाला आठवड्यातून एकदा पुरेल, सोमवारी करा. कागदात गुंडाळून कचऱ्यात.

त्याच्याही आधीची गोष्ट: मटणाचं पातेलं थेट सिंकमध्ये नाही. गार होऊ द्या, तवंग थिजला की उलथन्याने खरवडा, मग वर्तमानपत्राने पुसा, मग पाणी.

डबा_राजारामपुरी:
आणि ते खायचा सोडा आणि व्हिनेगरचं? सगळीकडं तेच सांगतात. पंधरवड्यातून एकदा टाकू का?

पान्हा_नंबर_बारा:
फेस बघायला छान. आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात, उरतं ते खारं पाणी, चरबीला काही होत नाही. त्याऐवजी धुण्याचा सोडा, 100 ग्रॅम, 5 लिटर 60 अंशांच्या पाण्यात विरघळवून, रात्रीची भांडी झाल्यावर. पाठोपाठ एक बादली साधं पाणी. ट्रॅप बसवलात तर हे सिंकमधून नाही, बाल्कनीच्या नाणीतून सोडा. नाणीची जाळी काढाल तेव्हा आतली वाटी धुऊन परत बसवा. ती बाहेर राहिली की पाण्याचं सील तुटतं, मग वास आणि झुरळं दोन्ही.

मोरी_ते_चेंबर:
तुकडा बदलायचा दिवसही सांगून ठेवतो. पाइप सरळ कापून कडेचा बूर (कापताना उरलेले खरबरीत तुकडे) घासून काढायचा, दोन्ही बाजू कोरड्या पुसायच्या, सॉल्व्हंट सिमेंट (पाइप जोडायचा चिकट द्रव) दोन्हीकडं पातळ लावून पाव वळसा देत घुसवायचं आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं. बूर राहिला तर पहिला तंतू तिथंच अडकतो. थंड पाणी काही तासांनी चालेल, पण गरम पाणी 24 तास नाही. म्हणजे शुक्रवारचे डबे गेले, भांडी झाली की रात्री काम करून घ्या. शनिवारी जपून वापरा, रविवारच्या मटणाला लाइन तयार.